अनकॅरेक्टरिस्टिकली: नऊ, आठ की सात?

इंग्रजी स्पेलिंगमध्ये या शब्दाची २० अक्षरं आहेत. देवनागरीत लिहिला की ९ होतात: अ, न, कॅ, रे, क्ट, रि, स्टि, क, ली. इंग्रजी डिक्शनरीत मूळ शब्दाच्या मध्ये ठिपके देऊन त्याचे ८ तुकडे पाडलेले दिसतात. आणि नेहमीच्या वेगाने तोंडाने म्हटला की तो ७ सिलॅबलमध्ये, म्हणजे उच्चाराच्या ७ ठोक्यांत, संपतो. यातला एकही आकडा चुकीचा नाही. प्रत्येक आकडा वेगळीच गोष्ट मोजतो, एवढंच. उच्चार करणाऱ्याच्या कामाचा आकडा मात्र शेवटचा.

शब्दाचा अर्थ ‘स्वभावाला सोडून’. एरवी बडबड करणारा माणूस एखाद्या दिवशी गप्प बसला, की ‘ही वॉज अनकॅरेक्टरिस्टिकली क्वायट’. हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांत परदेशी क्लायंटसमोर बोलताना लोक असे शब्द टाळतात, किंवा अर्ध्यात अडखळून ‘म्हणजे, ही वॉज व्हेरी क्वायट’वर येतात. गंमत अशी, की या शब्दात मराठी जिभेला खरोखर अडेल असा एकही ध्वनी नाही. ‘थँक’मधला हवेशीर थ नाही, झ नाही, व-डब्ल्यूची भानगड नाही. ट थोडा पुढे, दातांच्या मागच्या हिरडीवर लागतो आणि र जीभ न फडफडवता काढायचा, पण ते नाही जमलं तरी शब्द समजतो. चूक होते ती मोजणीत आणि वजनात: कुठे पाय रोवायचा आणि कुठलं अक्षर गिळायचं, यात.

मोजणीपासून सुरुवात करू. देवनागरी अक्षर आणि सिलॅबल या दोन गोष्टी एक नाहीत, हे मराठी माणसाला शिकवावं लागू नये, कारण आपण रोज ते करतो. ‘पुस्तक’ लिहिताना पु-स्त-क अशी ३ अक्षरं, बोलताना मात्र पुस्-तक असे २ ठोके. शेवटच्या क मधला अ आपण म्हणतच नाही, आणि ‘स्त’ जोडाक्षरातला स् मागच्या पु ला जाऊन चिकटतो. शाळेत ‘यमाताराजभानसलगा’ घोकताना याचाच नियम होता: जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं. पाणिनीचं सूत्रही तेच सांगतं, ‘संयोगे गुरु’. पु मुळात लघू आहे, पण पुढच्या स् चा भार अंगावर आल्याने तो जड होतो. ज्याने वृत्ताची मात्रा एकदा तरी लावली आहे, त्याला इंग्रजी सिलॅबल पाडण्याचं निम्मं काम येतं.

हाच नियम आपल्या शब्दाला लावा. न मधला अ गेला, तो मागच्या अ ला चिकटून ‘अन्’ झाला. ‘क्ट’ फुटला, त्याचा क् मागे गेला. ‘स्टि’ फुटला, त्याचा स् ‘रि’ला मिळाला. शेवटून दुसऱ्या क मधला अ गळला. उरलं ते असं:

अन् – कॅ – रेक् – ट – रिस् – टिक् – ली

सात. म्हणजे मराठी तोंड आपसूक बरोबर आकड्यावर येतं. बिघडतं केव्हा, तर माणूस ‘शुद्ध’ बोलायचं ठरवून स्पेलिंगकडे बघतो तेव्हा.

डिक्शनरीतले ८ ठिपके-तुकडे देवनागरीत उतरवले तर असे दिसतात: अन·कॅर·ॲक·टर·इस·टि·कल·ली. पुष्कळ विद्यार्थी हेच तुकडे उच्चाराचे समजून पाठ करतात, आणि मग ‘टर-इस’ असा मध्ये खड्डा पडतो. वास्तविक हे ठिपके छपाईसाठी आहेत. ओळ संपत आली आणि शब्द मावत नसेल तर हायफन कुठे देऊन तोडायचा, ते त्या ठिपक्यांतून कळतं. पुरावा त्याच डिक्शनरीत आहे. मेरियम-वेबस्टरमध्ये ‘अबँडन’चे छापील तुकडे दोनच, ‘अबॅन’ आणि ‘डन’, आणि शेजारी उच्चारात मात्र अ-बॅन्-डन असे तीन. कारण ओळीच्या शेवटी एकटं ‘ए’ अक्षर लोंबकळत ठेवायचं नसतं, हा छापखान्याचा नियम. जिभेचा त्याच्याशी संबंध नाही. शिवाय अमेरिकी पद्धत उच्चाराकडे बघून तोडते आणि जुनी ब्रिटिश पद्धत शब्दाच्या घडणीकडे बघून, त्यामुळे ‘फोटोग्राफी’ एकीकडे ‘टॉग’नंतर तुटते आणि दुसरीकडे ‘फोटो’नंतर. एकाच शब्दाचे दोन तुकडे-नकाशे बघून गोंधळू नका. उच्चारासाठी त्याच्या पुढे तिरक्या रेघांत किंवा कंसात छापलेला भाग बघायचा.

त्या भागात तीन खुणा ओळखता आल्या की पुरे. वरच्या बाजूला छोटी उभी रेघ म्हणजे मुख्य आघात, सर्वांत जास्त जोराची जागा. खालच्या बाजूला तशीच रेघ म्हणजे दुय्यम आघात. आणि उलटा ‘ई’ म्हणजे आपला साधा, तोंड न उघडता काढलेला अ. ऑक्सफर्ड, केंब्रिज, मेरियम-वेबस्टर या सगळ्यांत रेघ आघाताच्या सिलॅबलच्या आधी येते. अमेरिकन हेरिटेज डिक्शनरीत मात्र ती सिलॅबलच्या नंतर येते. एका डिक्शनरीची सवय लागलेला माणूस दुसरी उघडतो आणि भलत्याच जागी जोर देऊन मोकळा होतो, त्यामागे बहुधा हेच असतं. अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या खिशातल्या इंग्रजी-मराठी डिक्शनऱ्यांत उच्चार देवनागरीत दिलेला असतो. सोय चांगली, पण त्यात आघाताची खूणच नसते, आणि लांब शब्दाच्या बाबतीत नेमकी तीच हवी असते.

आता आघात. मराठीत अमुक अक्षरावर जोर दिला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला त्याची सवय नाही. आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने, एका रांगेत उभी करतो. इंग्रजीत ‘रेकॉर्ड’चा जोर पहिल्या सिलॅबलवर दिला तर नाम, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. ऐकणारा माणूस शब्द ओळखतो तो बराचसा या जोराच्या जागेवरून. सातही सिलॅबल सारख्या जोराने म्हटलेला शब्द त्याला आकड्यांच्या यादीसारखा ऐकू येतो, आणि तो ‘सॉरी?’ म्हणतो. आपण समजतो, आपला उच्चार कच्चा. मग तोच शब्द आणखी सावकाश, आणखी सपाट म्हणतो, आणि तो अजूनच कळेनासा होतो.

जोर कुठे, याचा नियम सोपा आहे. शब्दात ‘-इक’ हा प्रत्यय असेल तर मुख्य आघात त्याच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर. मागे शब्द कितीही लांब असो. ‘कॅरेक्टर’ला जोर कॅ वर. त्याला ‘-इस्टिक’ लागलं की जोर उठून ‘रिस्’वर जातो आणि कॅ वर फक्त दुय्यम जोर उरतो. पुढे ‘ली’ लागो, आधी ‘अन’ लागो, ‘रिस्’ जागचा हलत नाही. ‘फोटोग्राफ’ घ्या: नुसत्या शब्दात जोर फो वर, ‘फोटोग्राफी’त टॉ वर, ‘फोटोग्राफिक’मध्ये ग्रॅ वर, आणि ‘फोटोग्राफिकली’तही ग्रॅ वरच. ‘इकॉनॉमी’त जोर कॉ वर, ‘इकॉनॉमिकली’त तो नॉ वर येतो आणि आधीचा ठसठशीत कॉ नुसता ‘क’ होतो: ई-क-नॉ-मिक्-ली.

‘-इक’ने संपणाऱ्या काही शब्दांना हा नियम लागू नाही. पॉलिटिक, अरिथ्मेटिक हे नाम, ऱ्हेटरिक, हेरेटिक, कॅथलिक, लूनटिक. पण क्रियाविशेषणांच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे. ‘-इकली’ लागलं की यातले बहुतेक भरकटलेले शब्दही रांगेत येतात, कारण ती क्रियाविशेषणं ‘-इकल’वरून बनतात. ‘पॉलिटिक्स’चा जोर पॉ वर, पण ‘पॉलिटिकली’चा लि वर: प-लि-टिक्-ली. ‘पॉलिटिकली करेक्ट’ म्हणताना पॉ वर जोर देणं ही आपल्याकडची फार पसरलेली चूक आहे. ‘ऱ्हेटरिक’ पहिल्यावर, ‘ऱ्हेटॉरिकली’ टॉ वर.

जोर एकीकडे दिला की दुसरीकडून काढून घ्यावा लागतो, आणि तिथे खरी परीक्षा आहे. आघात नसलेला इंग्रजी स्वर आक्रसतो. ‘कॅरेक्टर’चा मधला ‘रे’ ब्रिटिश उच्चारात ‘रक्’ आणि अमेरिकी उच्चारात ‘रिक्’ होतो. ठळक, लांब ए असलेला ‘रेक्’ दोन्हीकडे नाही. मराठी माणसाला हा मिटलेला स्वर शिकायला नको, आपला रोजचा अ तोच आहे. ‘कमळ’ म्हणताना तो येतोच. अडचण डोळ्यांची आहे. स्पेलिंगमध्ये ‘ए’ दिसला की आपण ॲ किंवा ए म्हणतो, ‘ओ’ दिसला की ऑ. ‘पाणी’चं ‘पानी’ ऐकलं की कान टवकारणारे आपण पुणेकर, इंग्रजीत मात्र प्रत्येक स्वराला पूर्ण मानपान देत बसतो.

म्हणून आपल्या शब्दाचा दुरुस्त नकाशा असा. ब्रिटिश पद्धतीने: अन् – कॅ – रक् – ट – रिस् – टिक् – ली. वजनं लावली तर ‘रिस्’ सर्वांत जड, ‘अन्’ आणि ‘कॅ’ मध्यम, बाकी चार हलके. ‘ट’ तर इतका हलका, की तो एका क्षणात उडाला पाहिजे. इथे एक बारकावा. ब्रिटिश उच्चारात ‘कॅरेक्टर’ एकटा असताना शेवटचा र गळतो. पण पुढे ‘इस्टिक’चा स्वर आला की तो र परत येतो आणि पुढच्या स्वरावर बसतो. म्हणूनच ‘टर-इस्’ नाही, ‘ट-रिस्’. ‘अन्’मधला न स्वच्छ न ठेवा. देवनागरीत ‘अंकॅरेक्टर’ असा अनुस्वार देऊन लिहिला, तर मराठी जीभ ‘अंकुर’सारखा कंठातला अनुनासिक काढते. इंग्रज लोक घाईत तसं करतातही, पण नीट बोलताना नाही.

‘रिस्-टिक्’ की ‘रि-स्टिक्’, यावर डिक्शनऱ्यांत एकमत नाही. केंब्रिज स् नंतर तोडते, मेरियम-वेबस्टर स् च्या आधी. जे. सी. वेल्स यांच्या १९९० साली पहिल्यांदा निघालेल्या लाँगमन उच्चारकोशाचं तत्त्व तिसरंच: व्यंजन शक्यतो जास्त जोराच्या स्वराच्या पदरात टाकायचं, म्हणजे ट् सुद्धा मागेच. हा वाद निव्वळ कागदी नाही. इंग्रजीत सिलॅबलच्या सुरुवातीला आलेल्या, जोर असलेल्या ट मध्ये थोडा ह मिसळतो, आणि आधी त्याच सिलॅबलमध्ये स आला तर तो ह नाहीसा होतो. ‘मिस्टेक’ आणि ‘मिसटाइम’ शेजारी शेजारी म्हणवून घ्या. पहिल्यातला ट कोरडा, दुसऱ्यातला किंचित ठ कडे झुकलेला. कारण पहिला शब्द मि-स्टेक असा तुटतो आणि दुसरा मिस्-टाइम. ट आणि ठ यांत फरक करणाऱ्या मराठी कानाला हे इंग्रजांपेक्षा लवकर ऐकू येतं. आपल्या शब्दात ‘टिक्’वर जोर नसल्याने ट दोन्ही प्रकारे कोरडाच राहतो. त्यामुळे कुठेही तोडा, ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही.

शेवटचा तुकडा. ‘-टिकली’ म्हणजे कपाळावरची टिकली, तंतोतंत. आपण तिला टि-क-ली म्हणत नाही, ‘टिक्-ली’ म्हणतो. ड्रॅमॅटिकली, ऑटोमॅटिकली, सिस्टिमॅटिकली, रिअलिस्टिकली, एन्थुझिॲस्टिकली, सगळ्यांच्या शेवटी हीच टिकली लावायची. स्पेलिंगमधलं ‘ए-एल’ तिथे फक्त लिहिण्यापुरतं. ते उच्चारायला गेलेला माणूस ‘टि-कॅ-ली’ म्हणतो, आणि जोर घसरून कॅ वर जातो. मग ‘रिस्’ची सगळी मेहनत वाया. काही डिक्शनऱ्या तिथे पुसटसा अ कंसात छापतात. तो ऐच्छिक आहे. अगदी सावकाश, शब्द तोडून बोलणारा तो लावतो आणि सिलॅबल ८ होतात. नेहमीच्या बोलण्यात ७.

‘ए-एल’ ऐकू येत नसल्याने स्पेलिंग मात्र चुकतं. परीक्षा देणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की विशेषण ‘-इक’ने संपत असेल तर क्रियाविशेषणात ‘-ए-एल-एल-वाय’ येतं. ठळक अपवाद ‘पब्लिकली’, त्यात सरळ ‘-एल-वाय’. उच्चार दोन्हींचा ‘-क्ली’च, त्यामुळे कानावर विसंबून चालत नाही.

आणि तो ‘ली’. मराठी शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा, म्हणून आपण ‘ली’ लिहितो आणि लिहितो तसं ओढतो. इंग्रजीत तो आखूड आणि हलका आहे. ‘बेसिकलीऽऽ’ असं लांबवलं की वाक्याचा शेवट झाल्यासारखं वाटतं आणि समोरचा बोलायला लागतो. पुण्यातल्या मराठीत ‘बेसिकली’ आणि ‘ॲक्च्युअली’ विचार करायला वेळ मिळावा म्हणून ओढले जातात, ते ठीक आहे. इंग्रजी वाक्यात ली वर थांबू नका, थेट पुढच्या शब्दावर उडी मारा.

सराव शेवटाकडून करायचा. पुढून सुरुवात केली की पहिल्या दोन सिलॅबलवरच जोर खर्च होतो, आणि ‘रिस्’पर्यंत येईतो सूर खाली गेलेला असतो. उलट्या क्रमात जड जागा लवकर पक्की होते आणि हलकी सिलॅबल तिच्याकडे धावत येतात:

टिक्-ली
रिस्-टिक्-ली
ट-रिस्-टिक्-ली
रक्-ट-रिस्-टिक्-ली
कॅ-रक्-ट-रिस्-टिक्-ली
अन्-कॅ-रक्-ट-रिस्-टिक्-ली

प्रत्येक ओळ चार-पाच वेळा. दुसऱ्या ओळीपासून टेबलावर बोटाने एकच टिचकी, ती ‘रिस्’वर. सहाव्या ओळीपर्यंत टिचकी एकच राहिली पाहिजे. दोन वाजायला लागल्या तर बहुधा ‘कॅ’ फार जड झाला आहे. एक ओळ मागे जा. ‘रिस्’वर नुसता आवाज चढवू नका. सिलॅबल थोडी लांबवा, सूर किंचित वर घ्या, आवाज आपोआप वाढतो. मग वाक्यात घाला. तिथे वाक्याचा मुख्य जोर बहुतेक वेळा पुढच्या ‘क्वायट’वर जातो, म्हणून ‘रिस्’ थोडा उतरला तरी चालतो. फोनवर रेकॉर्ड करून ऐकताना एकच गोष्ट तपासा: ‘ट’ वेगळा ऐकू येतो का? येत असेल तर तो अजून फार जड आहे.

‘-इकली’ कुळाबाहेरच्या शब्दांत खोडी वेगळ्या आहेत. ‘-एटली’वाल्यांत ‘एट’ खोटा असतो. ‘अनफॉर्च्युनेटली’ म्हणजे अन्-फॉ-च-नट्-ली, जोर फॉ वर. ‘अप्रॉक्झिमेटली’ तर पुण्यात रोजचं. ‘अप्रॉक्स किती होतील?’ हे प्लंबरपासून इव्हेंटवाल्यापर्यंत सगळे विचारतात. पूर्ण शब्द अ-प्रॉक्-सि-मट्-ली. ‘मेट’ नाही, आणि मध्ये क्झ नाही, साधा क्स. क्रियापदात मात्र हाच ‘एट’ जिवंत होतो: ‘सेपरेट’ करणे यात रेट, ‘सेपरटली’ यात रट, तेही बहुधा सेप्-रट्-ली असं तीन सिलॅबलमध्ये.

‘-एडली’ उलटं वागतं, तिथे सिलॅबल वाढते. ‘सपोझ्ड’ दोन सिलॅबलचा, पण ‘सपोझिड्ली’ चार: स-पो-झिड्-ली. ‘अलेज्ड’चं अ-ले-जिड्-ली. मार्क्डचं मा-किड्-ली. बातम्या वाचताना ‘अलेज्डली’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

‘ली’ लागल्याने जोर हलत नाही, असं वर म्हटलं, त्याला एक मोठा अपवाद ‘-ॲरिली’चा. ‘नेसेसरी’चा जोर ने वर. ‘नेसेसरिली’त जुन्या ब्रिटिश उच्चाराप्रमाणे तो ने वरच राहतो आणि पुढची चार सिलॅबल एका दमात गडगडत जातात. अमेरिकेत तो उठून से वर येतो: ने-स-से-र-ली. ब्रिटनमध्येही आता हा दुसरा उच्चार सर्रास ऐकू येतो. ‘टेम्पररिली’, ‘प्रायमरिली’ यांचंही तेच. मराठी जिभेला अमेरिकी जोर सोपा जातो, कारण ‘टेम्पररिली’त जोर पहिल्या सिलॅबलवर ठेवून नंतरचे दोन र सांभाळणं हे खुद्द इंग्रजांनाही जड जातं, ते सरळ एक र गाळून ‘टेम्प्रली’ म्हणतात.